पुढच्या रांगेतल्या बाया

फुलसावंगीत हलीमाबीसारखी कापूस वेचणारी दुसरी नव्हती. तिच्याशी ज्यांचं पटत नव्हतं त्या बायाही हे कबूल करायच्या. ती दोन्ही हातांनी वेचायची. उजव्या हातातला कापूस कमरेच्या ओटीत पडायच्या आत डावा हात पुढच्या बोंडाला लागलेला असायचा, आणि तिच्या कापसात काडीकचरा सापडायचा नाही. वावरं पांढरी झाली की शेतकरी सकाळी तिच्या दाराशी यायचे आणि ती सांगेल त्या बाया सोबत न्यायचे. तिचा नवरा मुख्तार स्टँडजवळच्या टपरीत फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे घरात उपाशी कुणी झोपत नव्हतं.

मोर्चा, समिती, घोषणा यांच्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तो आला घनश्याममुळे.

घनश्याम गावातलाच. पुसदला कॉलेज शिकला, तिथं लाल झेंड्याच्या पोरांत राहिला आणि बापाच्या मागं वावर करायला परत आला. नोकरी लागण्यासारखा होता, पण गाव सोडून गेला नाही, याचं लोकांना कौतुक होतं. सरकारनं हमीभावावर मिळणारा कापसाचा अग्रिम बोनस बंद केला त्या साली खरेदी केंद्राचं कुलूप निघेना आणि व्यापारी हसत हसत भाव पाडू लागले, तेव्हा त्यानं कपाशी हक्क समिती काढली. बाकीचे पुढारी मोठ्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसायचे. घनश्याम वावरात आला. बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, भाकर खात होत्या, त्यांच्यासोबत खाली मातीत बसला.

"ताई, कापसालेच भाव नाही, तर वेचाईले भाव कुठून येईल?" तो म्हणाला. "शेतकरी मेला तर मजूर जगते का? आपली लढाई एक आहे."

हलीमा ठेचा चाटत ऐकत होती. तिनं विचारलं, "आन कापसाले भाव भेटला तर?"

"तर तुमच्या वेचाईचं आधी. सगळ्यांसमोर शब्द देतो."

तिला ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

हायवेवर रास्ता रोको ठरला तेव्हा घनश्याम म्हणाला, बायांनी पुढं बसावं, बायांवर पोलीस सहसा काठी टाकत नाहीत. हलीमानं वेचणाऱ्या बाया गोळा केल्या. मुसलमान मोहल्ल्यातल्या, बौद्धपुऱ्यातल्या, तांड्यावरच्या. शेतकऱ्यांच्या घरच्या बाया मोजक्याच आल्या. त्यांतली एक कोकिळा, बळीरामची बायको. बळीरामच्या नाल्याकाठच्या वावरात हलीमा लग्न होऊन आल्यापासून वेचत होती. सीतादहीच्या दिवशी, म्हणजे पहिल्या वेचणीच्या आधी वावरात दहीभाताचा नैवेद्य होतो तेव्हा, कोकिळा पहिला घास हलीमाच्या हातावर ठेवायची. पण पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. दोघींनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. हलीमा तिला वहिनी म्हणायची, तुमी म्हणायची.

त्या दिवशी दोघी शेजारी शेजारी डांबरावर बसल्या. गाड्यांची रांग लागली. घनश्यामनं माइक हलीमाच्या हातात दिला. तिनं जन्मात माइक धरला नव्हता. ती एवढंच बोलली, "आमी वेचतो म्हनून कापूस घरात येते. आमी उठलो त रस्ता मोकळा होईन. पन आमी उठनार नाई." तिचाच आवाज दूरच्या ट्रकांपर्यंत जाऊन परत आला, आणि मागून टाळ्यांचा जो गजर झाला तो ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

दुपारनंतर पोलिसांनी काठ्या चालवल्या. बायांवरही. मागचे पुरुष शेतांमधून पळाले; पुढच्या बायांना पळायला वाट नव्हती. कोकिळाच्या डोक्यावर काठी येताना हलीमाला दिसली आणि तिचा उजवा हात आपोआप मधे गेला. मनगटाचा आवाज कोकिळालाही ऐकू आला.

दवाखान्यात प्लास्टर बसवताना घनश्याम तिच्या उशाशी होता. तोही पकडला गेला होता. डॉक्टरनं हाड ओढलं तेव्हा त्यानं तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला आणि स्वतः तोंड फिरवून रडला. हे हलीमा पुढं फार दिवस विसरली नाही.

मग जेल. आठवडाभर दोघी एका बराकीत, एका सतरंजीवर. हलीमाचा हात गळ्यात बांधलेला. केससुद्धा विंचरता येईनात. कोकिळा रोज तिची वेणी घालायची, भाकर कालवून घास भरवायची. पहिल्या दिवशी पाण्याचा ग्लास एकच होता. कोकिळानं तो हलीमाच्या तोंडाला लावला, आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

"माह्या माहेरच्यानं बी असा हात मधात घातला नसता," कोकिळा म्हणाली.

"तुमचं डोस्कं फुटलं असतं वहिनी."

"वहिनी कायची वं. तू म्हन. जेलात का तुमी-तुमी करून राह्यली?"

तेव्हापासून हलीमा तिला तू म्हणू लागली.

त्या जेलच्या बातम्या पेपरात आल्या, इतर तालुक्यांतही रस्ते अडले, आणि संक्रांतीच्या आत केंद्राचं कुलूप निघालं. सरकीच्या वासानं भरलेल्या त्या आवारात बैलगाड्यांची रांग लागली. गावात गुलाल उधळला. घनश्याम एका बैलबंडीवर चढून म्हणाला, "हा विजय हलीमाताईंच्या मनगटाचा आहे. यंदाचं साल कास्तकाराचं झालं. पुढचं साल वेचणाऱ्या बायांचं." बळीरामनं स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात हार घातला. संक्रांतीला कोकिळा तिळगूळ घेऊन मोहल्ल्यात आली, हलीमाच्या चुलीसमोर पाटावर बसली आणि चहा प्यायली. शेजारच्या बाया दारातून डोकावून गेल्या. बळीरामच्या घरातलं कुणी त्या घरात पहिल्यांदाच काही तोंडात घालत होतं.

हात जुळला, पण वाकडा जुळला. उजवा पंजा पूर्ण मिटत नव्हता. पुढच्या हंगामात हलीमा वेचायला उभी राहिली तेव्हा ओळीत ती मागं पडली. आधी तिच्या पुढं कुणी जात नसे, आता सगळ्याच जात होत्या. 

पण दिलेल्या शब्दाची आठवण तिनं ठेवली होती. दिवाळीच्या आधी ती निकिताला घेऊन घनश्यामच्या घरी गेली. निकिता बौद्धपुऱ्यातली, दहावीपर्यंत शिकलेली, तरण्याताठ्या वयात नवरा गेलेली आणि बोलायला कुणाला न भिणारी. रास्ता रोकोत तीही पुढं होती.

"भाऊ, दोन गोष्टी हायेत," हलीमा म्हणाली. "किलोमागं एक रुपया वाढ. आन वजन होईन तवा काट्यापाशी आमच्यातली एक बाई उभी राहीन."

घनश्यामनं रुपयाला मान डोलावली. दुसऱ्या गोष्टीला थांबला. "काट्यापाशी कायले, ताई?"

"गाठोडं आमी बांधतो, काटा ते पाहतात. ओल धरली म्हनतात आन मनाले येईन तेवढं वजन कापतात. आमच्यातली उभी राहीन त खरंखोटं समोर होईन. भांडन मिटन."

"बळीरामकाका कमी मोजतात असं म्हणता का?"

"मी कोनाचं नाव नाई घेत, भाऊ. वरसानुवरसं हेच चालू हाय. तुमाले ठाऊक हाय."

त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. तो म्हणाला, समितीत ठेवतो.

दिवाळी झाली. पहिली वेचणी जुन्याच भावानं झाली. हलीमा पुन्हा गेली तेव्हा घनश्याम म्हणाला, जरा थांबा, आत्ता हे काढलं तर पेपरवाले लिहितील की शेतकरीच मजुराला लुटतात, आणि सरकारला तेच पाहिजे आहे. ते खोटं नव्हतं. ती परत आली. निकिता वाटेत म्हणाली, "चाची, हे असंच चालन. वावर सफेद असन तवरच आपलं कोनी ऐकन. झाडं सुकल्यावर कोन इचारते?"

दुसऱ्या वेचणीला गावातल्या कापसानं डोळे दिपत होते. त्या सकाळी बाया वावरात गेल्याच नाहीत. बाजाराच्या जागेवर लिंबाखाली येऊन बसल्या. घोषणा नाहीत, झेंडा नाही. कुणी लसूण सोलत होती, कुणी लेकराला पाजत होती. शेतकरी एकेक करून आले, बोलून पाहिलं आणि परत गेले. बळीराम आला नाही. कोकिळाही आली नाही. हलीमाला वाटलं, येईल. घरच्या माणसांसमोर तिला अवघड असेल.

संध्याकाळी घनश्याम आला. बायांमध्ये खाली बसला, अगदी पहिल्या वेळेसारखा.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मला फक्त दोन दिवस द्या. सगळ्या कास्तकारांना एकत्र बसवतो आणि ठराव घेतो. फाट्यावर जाऊन गाड्या अडवू नका, भांडण वाढेल. शब्द देतो."

निकिता लगेच म्हणाली की फाट्यावर बसायलाच पाहिजे. बाहेरचे मजूर आणले तर? घनश्याम तिच्याकडे न पाहता हलीमाकडे पाहत होता.

हलीमा उभी राहिली. "भाऊनं आपल्यासाठी जेल पाह्यली," ती बायांना म्हणाली. "माह्या हाताचं हाड बसवलं तवा हा मानूस रडला. मी पाह्यलं. दोन दिवस देऊ त्याले. फाट्यावर कोनी जानार नाई."

बायांनी घनश्यामवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवला. सगळ्या घरी गेल्या.

तिसऱ्या सकाळी निकिता धापा टाकत आली. "चाची, बळीराम पाटलाच्या वावरात बाया वेचून राह्यल्या. आपल्या नाई."

दोघी नाल्याकाठच्या वावरात गेल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. धुऱ्यावर एक टेम्पो उभा होता. वावरात अनोळखी बाया ओळीनं वेचत होत्या. पैनगंगेपलीकडच्या, किनवटच्या बाजूच्या. काळ्यासावळ्या, काटक, त्यांची बोली अर्धी कळणारी. हलीमा ओळीच्या टोकाला असलेल्या एका म्हातारीजवळ गेली. भांडायला नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मावशी, का भाव ठरला तुमचा?"

म्हातारीनं सांगितला. हलीमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. म्हातारीनं पुन्हा तोच आकडा सांगितला. हलीमानं मागितला होता तोच भाव, रुपया वाढवून. टेम्पोचं भाडं वेगळं, राहायला शाळेमागचं गोदाम, आणि रोजचं तेल-मीठ.

"तुमाले नाई देत का तेवढे?" म्हातारीनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

निकितानं शिवी हासडली आणि मटकन खाली बसली.  पैशासाठी नाही म्हणाले असते तर हलीमाला समजलं असतं. गरिबी तिला समजत होती. पण हे तर जास्तच देत होते. फक्त तिला नाही.

कोकिळा वावराच्या दुसऱ्या टोकाला होती. दुरड्यांत भाकरी घेऊन आली होती. हलीमाला पाहून ती थबकली, मग स्वतःच चालत आली. पदर सावरत बाभळीच्या सावलीत उभी राहिली.

"मी सांगाले येनार होती," ती म्हणाली.

"कवा?"

"काल. परवा बी. तुह्या दारापर्यंत आली होती. मुख्तारभाऊ पंप घेऊन निघाले, मंग मी वापस गेली."

"म्हंजे परवाच ठरलं होतं?"

कोकिळानं मान डोलावली. मग तिनं सगळं सांगून टाकलं, जसं कुणी ओझं खाली ठेवतं. लिंबाखालून उठून घनश्याम थेट बळीरामच्या ओसरीवर आला होता. गावातले सगळे मोठे कास्तकार तिथं जमले होते. ठराव झाला, पण टेम्पोचा. मागितलेले दोन दिवस बाहेरच्या बायांचा टेम्पो यायला लागणार होते.

"चहा मीच केला," कोकिळा म्हणाली.

"आन तू काय म्हनली?"

"बाईले कोन इचारते वं तिथं."

"नाई इचारलं. पन तू बोलली का काही?"

कोकिळानं खाली पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं ती माती उकरत होती. "नाई बोलली. माह्याच घरचा कापूस हाय, हलीमा. झाडावर लोंबून राह्यला होता. दव पडून पिवळा पडला असता. मी दोन बाजूनं कशी उभी राहू, सांग?"

हलीमाला वाटलं होतं की आपण ओरडू, हात उगारू. तसं काही झालं नाही. तिला एकदम थकवा आला. समोरची बाई वाईट नव्हती. तिनं भरवलेले घास खरे होते, घातलेल्या वेण्या खऱ्या होत्या. आणि परवा संध्याकाळी केलेला चहाही तेवढाच खरा होता.

"बरं," ती म्हणाली. "येतो मी, वहिनी. तुमी तुमचं पाहा."

तो तुमी ऐकून कोकिळाचे डोळे भरले. हलीमा निकिताला हाताला धरून घेऊन गेली.

घनश्याम तिला त्याच्या वावरात सापडला. लपला नव्हता. तिला येताना पाहून त्यानं हातातलं काम ठेवलं आणि खाट पुढं ओढली. ती बसली नाही.

"रुपया देलाच तुमी," ती म्हणाली. "मंग आमाले काहून नाई?"

घनश्यामनं खाट पुन्हा मागं सारली. मग खरं ते सांगितलं. "रुपयाचा प्रश्न नव्हता, ताई. काट्यावर सगळे अडले. ते पाहुणे लोक आहेत. कापूस संपला की जातील. तुम्ही इथंच राहणार. आज काट्यापाशी उभ्या राहिल्या, तर उद्या बाकीचंही विचाराल. कास्तकारांना ते नको आहे. मी जोर लावला असता तर समिती फुटली असती. एवढ्या मेहनतीनं उभी केली आहे."

"त्या रोडवर आमाले पुढं बसवलं तवा आमी कोन होतो, भाऊ? पाहुणे का घरचे?"

"तेव्हा सरकारशी लढाई होती. तेव्हा आपण एक होतो."

"आन लढाई सरली त?"

"सरली नाही, ताई. आधी भाव, मग मजुरी. एकेक टप्पा असतो. तुमचेही दिवस येतील, मी सोडणार नाही तुम्हाला."

तो हे मनापासून बोलत होता. तिला तेच सोसलं नाही. लुच्चा असता तर तिनं थुंकून वाट धरली असती. पण या माणसाला तिचं दुःख समजत होतं, आणि ते समजूनच त्यानं तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले होते.

"तुमी दोन दिवस मागतले ते माह्याकडून मागतले," ती म्हणाली. "बायानं ते माह्या तोंडाकडे पाहून देले. आता त्याहीले मी काय सांगू?"

 ती निघाली.

बायांना तिनं जे घडलं तेच सांगितलं, काही न लपवता. चूक माझी, हेही सांगितलं. काही जणी रडल्या, काहींनी तिलाही बोल लावले: घनश्यामनं बंडीवरून तुझं नाव घेतलं म्हणून तू भाळलीस. तिनं ऐकून घेतलं. आठवडाभरात एकेक बाई जुन्या भावानं उरलेल्या वावरांत जाऊ लागली. शेतकरी काही बोलत नव्हते, फक्त "ये" म्हणायचे. आणि काट्याकडे बाया पाहीनाशा झाल्या. हलीमाला कुणी बोलवायला आलं नाही. मुख्तारच्या टपरीवर पंपही कमी येऊ लागले.

घरात दोघं बोलायची ती मोहल्ल्याच्या हिंदी बोलीत. एकदा चुलीपाशी चिमटा उचलत मुख्तार म्हणाला, "तू उन लोगां को अपने समझी, हलीमा."

"अपनेच थे," ती म्हणाली. "वोइच तो रोना है."

त्या उन्हाळ्यात समितीचा मोर्चा यवतमाळला गेला. घनश्यामनं निरोप पाठवला की हलीमाताईंनी चार बाया घेऊन पुढं चालावं, लोकांना त्यांचा चेहरा माहीत आहे. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिनं चहा दिला आणि सांगितलं, "भाऊले म्हना, यंदा पुढं तुमीच बसा." मोर्चाच्या गाड्या स्टँडवरून गेल्या तेव्हा ती टपरीवर बसून पंपाचे वायसर धूत होती. शेतकरी-शेतमजूर एकजुटीच्या घोषणा तिच्या कानावर पडल्या. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या हंगामात एका सकाळी बाजाराच्या जागेवर एक टेम्पो येऊन उभा राहिला. सोबत सेवादास नावाचा मुकादम होता, पुसदच्या पुढच्या एका गावाहून आलेला. त्याला वेचणाऱ्या बाया पाहिजे होत्या, लगेच. त्यानं सांगितलेला भाव ऐकून बाया गोळा झाल्या. गावातल्या भावापेक्षा पुरा रुपया जास्त होता. जाणं-येणं वरून.

हलीमा मागून पुढं आली. "तिथल्या बाया कुठी गेल्या, भाऊ?"

"हायेत ना तिथंच," सेवादास म्हणाला. "बसल्या हायेत. काही मागनं घेऊन बसल्या."

सगळ्यांना सगळं समजलं. बाया हलीमाकडे पाहू लागल्या, आणि तिला वाटलं, आत्ता जर मी तोंड उघडलं तर या थांबतील. पण थांबून खातील काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. गेल्या वर्षी याच जागेवर तिनं त्यांना एक शब्द दिला होता आणि त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. आता त्यांना अडवायचा हक्क तिला आपला वाटेना.

पहिली बाई चढली, मग दुसरी. निकिता खाली घुटमळत होती. तिच्या आईला त्या महिन्यात दवाखान्यात ठेवलं होतं, आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

"चाची, तुमी म्हनान त नाई जात मी," ती म्हणाली. "खरंच."

हलीमानं तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. "पानी घेतलं का सोबत?"

"घेतलं."

"मंग जा."

निकिता चढली आणि तोंड फिरवून बसली. टेम्पो निघून गेला तेव्हा बाजाराच्या जागेवर हलीमा आणि दोन म्हाताऱ्या उरल्या. तिला कुणाचाही राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं. कोकिळा बाभळीखाली कशी उभी होती ते तिला आज आतून कळलं, आणि ते कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्तारला सांगितलं आणि पुसदची एसटी पकडली. पुसदहून काळीपिवळी करून दुपारी त्या गावी पोचली. बाया शोधाव्या लागल्या नाहीत. गावाबाहेर पिंपळाच्या पारावर बसल्या होत्या. त्यांच्यातही कुणी लेकरू पाजत होती. समोरच्या वावरात टेम्पो उभा होता आणि पांढऱ्या झाडांमधून रंगीत रुमाल हलत होते. त्यांतले काही हलीमाच्या ओळखीचे होते.

ती पाराजवळ जाऊन उभी राहिली. "मी फुलसावंगीची," ती म्हणाली. "त्या वावरात वेचून राह्यल्या त्या आमच्या बाया हायेत."

 एक थोराड बाई उठून पुढं आली. तिनं हलीमाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मंग तू कायले आली? आमाले हुसकाले?"

"नाई. सांगाले आली. आमच्या गावात असंच झालं गेल्या साली. तवा आमाले कोनी येऊन सांगतलं नाई. आमच्या बायाले गरज हाय म्हनून त्या आल्या. त्याहीले अडवाची ताकद माह्यात नव्हती. पन मी तोंड लपवून घरी बसनार नव्हती."

"सांगून काय होते?"

"मले बी ठाऊक नाई."

 ती बाई बस म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मागून एकीनं विचारलं, "टेम्पो संध्याकाळी इकडूनच जाते. त्या बाया आमच्याशी बोलतीन का?"

"एक हाय, निकिता," हलीमा म्हणाली. "ते बोलन. लाजन आधी, पन बोलन."

थोराड बाई आपल्या जागेवर परत गेली. हलीमा पाराच्या खाली, रस्त्याच्या कडेला बसली, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर. ऊन होतं. कुणी तिला पाणी विचारलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. ती वावराकडे पाहत टेम्पोची वाट बघत राहिली.